गाठींचे निजसुरे मास्तर

निजसुरे मास्तरांविषयी लिहायला माझ्यापेक्षा योग्य माणसे बडोद्यात पुष्कळ आहेत. त्यांचे सहकारी आहेत, माझ्या आधीच्या वर्गांतले हुशार विद्यार्थी आहेत, आणि त्यांतले काही आता स्वतः शिकवतात. मी शास्त्राच्या शेवटच्या वर्गात आहे आणि एकदा नापास होऊन इथवर आलो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही करता येते आणि घोड्यांची नावे वाचता येतात, तेवढेच. त्यामुळे एखाद्या माणसाविषयी लिहायचे तर सुरुवात कुठून करतात हेही मला नीट ठाऊक नाही. चुकेल तिथे वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. तरीही लिहितो आहे, कारण दुसऱ्या कोणी अजून लिहिलेले नाही आणि गेल्या आठवड्यापासून मला दुसरे काही सुचत नाही.

मास्तर आमच्या कॉलेजात जीवशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. व्याख्यान प्रोफेसरांनी द्यायचे आणि बेडूक कापून दाखवायचा मास्तरांनी, अशी वाटणी होती. बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, डोक्यावर लाल पगडी आणि काखेत बाराही महिने छत्री. प्रयोगशाळेत आले की पहिले काम म्हणजे पगडी काढून कोपऱ्यातल्या सांगाड्याच्या डोक्यावर ठेवायची. नव्या मुलांना ते सांगाड्याची ओळख करून देत. "हे आमचे थोरले बंधू. यांना सर्दी लवकर होते, म्हणून पगडी यांना देतो."

त्यांची दुसरी सवय म्हणजे "मग?" असे विचारणे. तुम्ही बरोबर उत्तर दिलेत तरी "मग?" आणि चूक दिलेत तरी "मग?" पहिल्या वर्षी मी या शब्दाला इतका घाबरत असे की मागच्या बाकावर सांगाड्याच्या आडोशाला बसे. एकदा एक मुलगा वैतागून म्हणाला, "मग काही नाही, सर. संपलं."

"शरीरात 'मग काही नाही' असं कधीच होत नाही," मास्तर म्हणाले. "तसं झालं की माणसाला खांद्यावरून नेतात."

त्यांचे खरे वेड मात्र गाठींचे होते. पुस्तकात ग्रंथी म्हणतात, मास्तर गाठी म्हणत. अभ्यासक्रमात त्यांना जेमतेम दोन पाने होती. मास्तर त्यांवर दोन आठवडे घालवीत आणि मग उरलेला अभ्यास धावतपळत उरकीत. त्या गाठींतून जो रस रक्तात उतरतो त्याला हॉर्मोन म्हणतात, हे त्यांनी फळ्यावर लिहिले आणि लगेच पुसले. "शब्द लक्षात राहील, गोष्ट राहणार नाही. गोष्ट ऐका. महाराजांच्या हुजूर कचेरीतून हुकूम सुटतो. तो अमरेलीला जातो, कडीला जातो, नवसारीला जातो. सगळीकडे एकच कागद. पण शाळाखातं त्यातली आपली ओळ वाचतं, बांधकामखातं आपली. शरीरात तसंच आहे. गळ्यातली गाठ एक चिमूटभर रस रक्तात सोडते. हाड म्हणतं, वाढायचं आहे. कातडी म्हणते, मऊ राहायचं आहे. मेंदू म्हणतो, जागं व्हायचं आहे. बरोबर शिपाई नाही, शिक्का नाही, तरी सगळे ऐकतात! आमच्या घरी मी मोठ्याने सांगितलं तरी कोणी ऐकत नाही."

"आणि हुकूम सुटलाच नाही तर, सर?" पुढच्या बाकावरून कोणी विचारले.

"तर सगळी खाती उघडी असतात, कारकून बसलेले असतात आणि काम होत नाही. आणि दुप्पट सुटला तर सगळे वेड्यासारखे धावत सुटतात. दोन्ही दुखणीच."

या गाठी मिळवायला मास्तर स्वतः खाटकाकडे जात. मास्तर कोकणस्थ ब्राह्मण, घरी सोवळे कडक. दुकानासमोर उभे राहताना ते छत्री उघडून तोंडापुढे धरीत, त्यामुळे भर हिवाळ्यात छत्री उघडी दिसली की अख्ख्या बाजाराला कळे की मास्तर आले. कासमभाई खाटीक लांबूनच हाक मारी, "आवो मास्तर, आवो! आजे केटली गांठ जोइए?" आज किती गाठी हव्यात, एवढेच तो विचारत असे, पण तो ते असे ओरडे की मास्तरांची छत्री आणखी खाली येई. बोकडाच्या श्वासनळीच्या दोन बाजूंच्या दोन छोट्या गाठी तो एरवी फेकून देत असे. मास्तरांसाठी तो त्या पळसाच्या पानात बांधून ठेवी आणि गिऱ्हाइकांना सांगे, "मास्तर मोटा हकीम छे." मास्तर घरी पोचले की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना मागच्या दाराने आत घेत आणि विहिरीवर दोन बादल्या डोक्यावर ओतल्याशिवाय ओटीवर पाय ठेवू देत नसत. "शास्त्र बाहेर ठेवून या," असे त्या म्हणत. मास्तर ओल्या अंगाने हसत.

गाठी वाळवून, कुटून ते भुकटी करीत आणि ती बेडकांच्या पिलांना घालीत. श्रावण-भाद्रपदात आम्ही पाचसहा जण त्यांच्याबरोबर विश्वामित्री ओलांडून अकोट्याच्या बाजूला डबक्यांतली शेपटीवाली पिले आणायला जायचो. नदीकाठी मगर असायचीच. मास्तर धोतर खोचून डबक्यात उतरत आणि आम्हांला सांगत, "तुम्ही मगरीकडे बघा, मी पिलांकडे बघतो. दोघांनीही मगरीकडे बघितलं तर पिलं कोण पकडणार?" पिले दोन बरण्यांत ठेवायची. एकीत उकडलेली भाजी, दुसरीत भाजी आणि चिमूटभर भुकटी. पंधरवड्याच्या आत दुसऱ्या बरणीतल्या पिलांना पाय फुटत, शेपट्या झडत आणि माशीएवढे पूर्ण बेडूक तयार होत. पहिल्या बरणीतली पिले तेव्हा निवांत शेपूट हलवीत असत.

"बघा, मोठे नाही झाले, लवकर प्रौढ झाले," मास्तर पुनःपुन्हा सांगत. "वाढणं वेगळं आणि पिकणं वेगळं. हे जो विसरेल तो या गाठीचं वाटोळं करील." हे वाक्य मी वहीत लिहून घेतले होते. आमच्याच घरी ते कोणी विसरेल असे तेव्हा वाटले नाही.

त्याच वर्षी गावात सर्कस आली. तिच्यात एक फार उंच माणूस होता. तो नुसता रिंगणात उभा राही आणि त्याच्या पायांमधून बुटके विदूषक पळत. मास्तरांनी सर्कस तीनदा पाहिली आणि चौथ्या दिवशी त्या माणसालाच घरी चहाला बोलावले. तो दारातून मावेना, म्हणून काकूंनी ओट्यावर सतरंजी घातली. सारी गल्ली गोळा झाली. कपबशी त्याच्या पंजात भातुकलीतल्या बुडकुल्यासारखी दिसत होती. मास्तरांनी त्याला हिंदीत विचारले, "आपका सिर दुखता है क्या?"

तो माणूस कप खाली ठेवून त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "रोज. आपको किसने बताया? सब लोग सिर्फ पूछते हैं कितना लंबा है."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आम्हांला मेंदूच्या तळाशी, हाडाच्या वाटीत बसलेली वाटाण्याएवढी गाठ दाखवली. वाढीचा मुख्य हुकूम तिथून सुटतो. लहानपणी ती अंगात आल्यासारखी काम करू लागली तर असे राक्षस होतात. हाडे पक्की झाल्यावर बिघडली तर उंची वाढत नाही, फक्त हात, पाय, जबडा जाड होत जातात. ती मुळात मंद राहिली तर माणूस लहानच राहतो, अंगाने बेतशीर, बाहुलीसारखा. "तो माणूस हसण्यासाठी नाही," ते म्हणाले. "त्याच्या डोक्यात एक वाटाणा फुगतोय आणि डोळ्यांच्या शिरा दाबतोय. मी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली आहे." मग ते एकदम हसले. "तुमच्या काकूंनी त्याला अठ्ठावीस पुरणपोळ्या वाढल्या. मला चौथी मागितली तर 'पचेल का' म्हणून विचारतात."

आता जे सांगायचे ते सांगतो.

गळ्यातली गाठ थकली तर मुलाचे काय होते, हे मास्तर एके दिवशी सांगत होते. वाढ थांबते. अंग गार लागते. कातडी कोरडी, केस राठ, आवाज घोगरा, जीभ जाड. मूल शांत असते, रडत नाही, खोड्या काढत नाही, म्हणून घरचे त्याला गुणी समजतात. शाळेत बसते, पण डोक्यात काही उतरत नाही. मी दोन वर्षांत वर्गात एकदाही तोंड उघडले नव्हते. पण त्या दिवशी मी उभा राहिलो.

"काय जगताप?" मास्तर म्हणाले.

"सर, हे आमच्या घरी आहे."

काही मुले हसली. मास्तर हसले नाहीत. "मग?" म्हणाले. मी सांगितले, की माझी धाकटी बहीण बकुळा आठ वर्षांची आहे आणि चार वर्षांची दिसते. चार वर्षांपर्यंत ती धावत होती, बोलत होती, मग हळूहळू थांबली. चैत्रातही घोंगडी पांघरून बसते. सक्तीचे शिक्षण म्हणून शाळेत नाव आहे, पण तिसरे वर्ष पहिल्याच इयत्तेत चालले आहे. शाळेच्या बाई म्हणाल्या आहेत की या वर्षीही तसेच झाले तर मतिमंद म्हणून नाव काढावे लागेल.

मास्तरांनी सांगाड्याच्या डोक्यावरची पगडी उचलली, छत्री घेतली आणि वर्ग अर्ध्यात सोडून म्हणाले, "चला."

आमचे घर सरकारी पागेला लागून आहे. आबा पागेत जमादार. मास्तरांनी बकुळाला जवळ बसवले, तिचे हात चाचपले, जीभ बघितली, नाव विचारले. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बकुळा." मास्तर आबांकडे वळले. "जमादार, हिची उंची कधीपासून थांबली, काही आठवतं का?"

"आठवायचं कशाला? लिहिलंय की," आबा म्हणाले.

पागेत दर दसऱ्याला पूजेआधी घोडे मापतात. उभी काठी आणि तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी असते, ती घोड्याच्या खांद्यावर टेकवून उंची घेतात. घोडे झाले की आबा त्याच काठीने आम्हां पोरांना मापत आणि दारामागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढत. आबांनी दार लोटून भिंत दाखवली. माझ्या रेघा शिडीसारख्या चढत गेल्या होत्या. बकुळाच्या खालच्या रेघा बोटभर, बोटभर वर गेल्या होत्या आणि त्यानंतरच्या तीन दसऱ्यांच्या रेघा एकीवर एक गिरवल्यासारख्या होत्या.

मास्तर त्या भिंतीसमोर गुडघे टेकून बसले. "अहो जमादार, तुम्ही आमच्यातले निघालात! कॉलेजात एवढी नेटकी नोंद कोणी ठेवत नाही."

"पण मास्तर, पोरीची वाढ सुधारेल का? आमच्यात बुटकी घोडी बुटकीच राहते."

"ते डॉक्टर सांगतील. मी बेडकांचा माणूस आहे."

मास्तर स्वतः आम्हांला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरसाहेबांनी तपासले आणि गळ्यातल्या गाठीचे दुखणे असल्याचे सांगितले. औषध होते. मेंढ्याच्या त्याच गाठीच्या वाळवलेल्या गोळ्या विलायतेहून मुंबईला येतात, त्या पाव गोळीपासून सुरू करायच्या आणि जन्मभर घ्यायच्या. ही गोष्ट घरी कशी सांगावी याची मास्तरांना वाटभर काळजी. ओसरीवर बसून ते फार घोळवून सांगू लागले, की औषध जरा वेगळे आहे, प्राण्यापासून केलेले आहे, धर्माला बाधा वाटत असेल तर—

आबा मोठ्याने हसले. "अहो मास्तर, दसऱ्याला आम्ही अख्खा बोकड खातो. त्याच्या गळ्यातली एवढीशी गाठ खायला कसला धर्म आडवा येतोय?" मग म्हणाले, "पण एक सांगा. अख्खा बोकड खाऊन पोरीला गुण का नाही आला?"

मास्तर ताडकन उभे राहिले. "हा प्रश्न तुमच्या चिरंजीवांनी मला विचारायला हवा होता! का नाही आला? कारण ती गाठ कासमभाई फेकून देतो. तुम्ही बोकड खाता, जमादार, हुकूम उकिरड्यावर जातो."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी आबांचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि खाली लिहिले, 'विचारणार: जमादार जगताप.' मी घरी सांगितले तेव्हा आबा दिवसभर मिशीला पीळ देत होते.

बकुळाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने घोंगडी टाकली. दुसऱ्या महिन्यात राठ केस गळून खाली मऊ जावळ दिसू लागले. मग एका सकाळी ती आबांना म्हणाली, "आबा, तुम्ही घोरता. घोडे झोपत नाहीत." आई चुलीपुढून पदर सावरत धावत आली आणि म्हणाली, "काय म्हणालीस? परत म्हण!" बकुळा परत म्हणाली. आबांनी तिला खांद्यावर बसवून साऱ्या पागेत फिरवले आणि भेटेल त्याला सांगितले, "छोकरी मला बोलली! मी घोरतो म्हणाली!"

पुढे ती रोजच बोलू लागली. घोड्यांच्या गुळाचा खडा पळवणे, शेजारणीच्या वाळवणावरून उड्या मारणे, बाईंच्या खुर्चीवर खाजकुयली ठेवणे. आई मास्तरांजवळ गाऱ्हाणे करी, "मास्तर, आधीचीच बरी होती हो, गरीब. आता दिवसातून दहा भांडणं आणते." मास्तर मला सांगत, "जगताप, लिहून घे. खोड्या, रोज दहा. उत्तम लक्षण." वर्षभरात ती कोळशाच्या रेघेवर पाच बोटे चढली आणि दुसऱ्या इयत्तेत गेली.

इथे आबांची चूक सांगायला हवी. आबांची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

पागेत एक रीत आहे. एका घोड्याला मसाला लागू पडला की तो साऱ्या रांगेला देतात, म्हणजे एक तेजीला आला आणि दुसरा मागे राहिला असे होत नाही. शेजारचा बाजी पलटणीत भरती व्हायला निघाला होता आणि उंचीला अर्धा इंच कमी पडत होता. आबांनी त्याला रांगेतले शिंगरू समजून गोळ्या दिल्या. पाव नाही, मूठभर. "वाढीच्या आहेत. रोज चार घे, दसऱ्यापर्यंत इंचभर चढशील."

बाजी चढला नाही. त्याला घाम फुटू लागला, हात थरथरू लागले. एका बैठकीत तो अठरा भाकऱ्या खाई आणि दिवसेंदिवस वाळत जाई. आठ दिवसांनी भरतीच्या डॉक्टरने त्याच्या छातीला कान लावला आणि विचारले, "पळत आलास का?" बाजी म्हणाला, "नाही साहेब, तासभर बसलोय." डॉक्टरने त्याला घरी पाठवले. गोळ्या बंद केल्यावर तो महिन्याभरात ताळ्यावर आला. आता पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. तिथे अर्धा इंच कोणी मोजत नाही.

पण बाटली रिकामी झाली होती. मुंबईच्या दुकानाला कार्ड टाकले, उत्तर आले की माल पुढच्या बोटीने येईल, कधी ते सांगता येत नाही. दवाखान्यातही नव्हता. पाचव्या आठवड्यात बकुळाने घोंगडी मागितली. शाळेतून येऊन ती भिंतीला टेकून बसे. एके दिवशी आईने मुद्दाम तिच्यासमोर गुळाचा डबा उघडा ठेवला. बकुळाने हात लावला नाही. आई डबा झाकून आत गेली आणि रडली.

आबा प्रयोगशाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कॉलेजात पाऊल टाकत होते. पागोटे हातात धरून ते मास्तरांसमोर उभे राहिले. "मास्तर, चूक माझी. पण तुमच्याकडे बेडकांची भुकटी आहे ना? तीच गाठ. त्यातली द्या चिमूटभर."

मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवले. मग म्हणाले, "नाही जमादार. माझ्या भुकटीत जोर किती, मला माहीत नाही. एका बोकडाची गाठ जोरकस, दुसऱ्याची मंद. बेडकांवर चूक झाली तर मी अकोट्याहून दुसरे बेडूक आणतो. हिच्यावर झाली तर?" आबांनी मान खाली घातली. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळच्या गाडीने मी मुंबईला जातो. एका दुकानात नाही म्हणजे मुंबईत नाही असं नव्हे."

त्या दोन दिवसांत कॉलेजात बाहेरगावचे बडे पाहुणे प्रयोगशाळा पाहायला येणार होते. पक्क्या लेक्चररची एक जागा निघाली होती, आणि मास्तरांच्या बेडकांचा प्रयोग पाहुण्यांना दाखवायचा हे महिन्यापूर्वीच ठरले होते. हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. मास्तरांनी त्याचा शब्दही काढला नाही. जाताना एवढेच म्हणाले, "बरण्यांकडे लक्ष ठेवा. भाजी घाला."

आम्ही भाजी घातली आणि मलमलीचे फडके बांधायला विसरलो. पाहुणे आत आले तेव्हा माशीएवढे चाळीसपन्नास बेडूक टेबलावर, फळ्यावर आणि सांगाड्याच्या बरगड्यांत उड्या मारत होते. एक तर मुख्य पाहुण्यांच्या बुटावर बसला. कोणी तरी "हे काय आहे?" असे विचारले आणि आमच्यातल्या सर्वांत हुशार मुलाने घाबरून उत्तर दिले, "सर, हे लवकर पिकलेले आहेत."

मास्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवरून थेट आमच्या घरी आले. एकवीस दुकाने फिरून बाविसाव्यात, एका गल्लीतल्या जुन्या औषधवाल्याकडे, त्यांना दोन बाटल्या मिळाल्या होत्या. त्यांनी दुकानदाराला दर महिन्याला एक बाटली बाजूला ठेवायचे कबूल करवून घेतले होते आणि पत्ता बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून आणला होता. मी चाचरत बेडकांचे सांगितले. त्यांनी "लवकर पिकलेले" हे ऐकले मात्र, आणि ओसरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बरोबर सांगितलं पोराने! पूर्ण गुण!"

ती जागा दुसऱ्या, अधिक शिकलेल्या गृहस्थांना मिळाली. ते चांगले आहेत, मी त्यांच्याचकडे शिकतो आहे. मास्तरांना दूर समुद्रकाठच्या ओखामंडळातल्या एका शाळेवर हेडमास्तर म्हणून पाठवले. निरोप द्यायला आम्ही सगळे स्टेशनवर होतो, कासमभाईसुद्धा. मी म्हणालो, "सर, तिकडे खारं पाणी. बेडूक नसतील."

"मासे आहेत," मास्तर खिडकीतून म्हणाले. "माशांनाही गाठी असतात." मागून काकू म्हणाल्या, "म्हणजे आता घरात मासे." गाडी सुटली तेव्हा बकुळा डब्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेली, आणि मास्तर खिडकीबाहेर वाकून, पगडी सावरत, ती किती पळते ते बघत होते. मी त्यांना पाहिले ते तेव्हा शेवटचे.

दर दसऱ्याला आणि मधूनमधून मी त्यांना पत्र लिहीत असे. बकुळाची उंची, इयत्ता, भांडणे. उत्तर एकदाच आले. कार्डावर फक्त "मग?" असे लिहिले होते. मी ते वर्गात सर्वांना दाखवले.

गेल्या आठवड्यात त्या शाळेतून गुजराती पत्र आले. लिहिणारे गृहस्थ तिथले हंगामी हेडमास्तर. त्यांनी लिहिले आहे की निजसुरेसाहेब माघात तीन दिवसांच्या तापाने वारले, त्यांच्या पत्नी कोकणात भावाकडे गेल्या, आणि कागद आवरताना माझी पत्रे सापडली म्हणून उशिरा का होईना कळवीत आहेत. पुढे लिहिले आहे: "एक विचारायचे आहे. साहेब येथे आल्यावर वर्गावर्गात जाऊन सर्वांत मागे कोण बसते ते विचारीत. एका कोळणीचा मुलगा त्यांनी तसा शोधला आणि डॉक्टरांना दाखवला. ती बाई दर महिन्याला शाळेत येऊन मुलाच्या गोळ्या मागते. साहेब त्या कोठून आणवीत ते आम्हां कोणास ठाऊक नाही. बाटली संपत आली आहे. आपणांस दुकानाचा पत्ता माहीत असल्यास कृपा करून त्वरित लिहावा."

मी पत्र मोठ्याने वाचत होतो. आबा उठून पागेकडे गेले. बकुळा आता चौथीत आहे आणि मुंबईच्या दुकानाला दर महिन्याचे कार्ड तीच टाकते. तिने कार्ड आणि दौत आणली, मला न विचारता पत्ता लिहून काढला, आणि मग लेखणी तशीच धरून म्हणाली, "दादा, त्या मुलाचं नाव काय?"

पत्रात नाव नव्हते. ते कळवावे, अशी तिने खाली एक ओळ वाढवली आणि कार्ड टाकायला गेली.